पहिल्या चहालाच सांगून टाक

पाहुणे येणार म्हटल्यावर लगेच घर आवरायला घेऊ नकोस. आवरून घर वाढत नाही. आधी एक कागद घे आणि तुमचा दिवस त्यावर मांड. पाणी किती ते किती असतं, माझा नातू अंघोळीला कधी जातो, तुझ्या घरून कामाच्या मीटिंगा कधी असतात, रात्री दिवा कधी मालवतो. पाहुण्यांची सोय या कागदावर होते. गाद्या कुठे टाकायच्या ते मग बघायचं.

तुला वन बीएचके लहान वाटतं. अकोल्याच्या तुझ्या माहेराला अंगण आहे, त्यामुळे वाटणारच. मी लग्न होऊन ज्या खोलीत आले ती डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतली, १६० चौरस फुटांची. मोरी त्यातच, चूल त्यातच, देव त्यातच. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मधून लांबलचक पॅसेज आणि संडास सगळ्यांचे मिळून. अशा ३२ चाळी एकट्या डिलाइल रोडला. रस्त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग होऊन जमाना झाला, पण आमच्या तोंडी डिलाइल रोडच. आता तिथे नव्या इमारती उठतायत, पाचशे फुटांचं घर मिळेल. तोवर तुम्ही या भाड्याच्या जागेत आहात आणि गणपतीला तुझे आईवडील, काका-काकू आणि त्यांची पोरं येणार आहेत, म्हणून हे लिहून ठेवते. फोनवर सांगितलं असतं तर 'हो आजी' म्हणून विसरली असतीस.

त्या खोलीत सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर, पुढे मुलं, आणि वर्षातून बराच काळ कुणी ना कुणी पाहुणा. मावायचे कसे, विचारशील. सगळे एका वेळी घरात नसायचे, म्हणून. सासरे गिरणीत सातच्या पाळीला, तुझे आजेसासरे तीनच्या, दीर रातपाळीला. भोंगा झाला की एक उठायचा, दुसरा पाठ टेकायचा. दीर सकाळी येऊन जिथे आडवा व्हायचा तिथेच रात्री पाहुणा झोपायचा. त्यामुळे सासूबाईंचा पहिला नियम असा, की रातपाळीवाल्याची झोप मोडेल असा पाहुणचार करायचा नाही. नाश्ता झाला की पाहुण्याला बाहेर काढायचं. राणीच्या बागेत पाठव, महालक्ष्मीच्या दर्शनाला पाठव, पिशवी देऊन बाजारात पाठव, पण सकाळी दहा ते एक खोली दिराची. माझा नातू अमेरिकेच्या वेळेवर काम करून पहाटे घरी येतो, म्हणजे तुझ्याकडेही रातपाळी आहेच. गिरण्या गेल्या, कमला मिलच्या आवारात काचेची ऑफिसं आली, रातपाळी काही हलली नाही. तेव्हा सकाळी बेडरूम त्याची, आणि दहा वाजता काकांच्या हातात पिशवी.

पिशवी खरी हवी हं. उगाच 'जरा फिरून या' म्हटलं की माणसाला आपण नकोसे झालोय असं वाटतं. 'कोथिंबीर आणि दोन नारळ आणा, नारळ हलवून बघून घ्या' म्हटलं की तो तासभर बाजारात रमतो. कोकणातून आलेल्या बाईला नुसतं बसवून ठेवलं तर तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला येते. तिला तांदूळ निवडायला दे, मसाला भाजायला दे. भांडी घासायला मात्र पाहुणीला कधी मोरीत बसवू नये. यात मानपानाचं फार काही नाही. तिला आपल्या मोरीचा अंदाज नसतो, ती अर्धा तास बसते आणि तेवढ्यात सगळ्या घराची वाट अडते.

माझे मामेसासरे बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीकडची कितीतरी माणसं तेव्हा आगबोटींवर असायची, आणि एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत मुंबईत कुणाच्या तरी खोलीत थांबायची. मामा आमच्याकडे थांबत. एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी, एवढंच सामान. ते सांगायचे, बोटीवर नवा माणूस चढला की तासाभरात त्याला तीन गोष्टी दाखवतात. झोपायचं कुठे, परसाकडे जायचं कुठे आणि पाय कुठे ठेवायचा नाही. आमच्या घरात ती रीत त्यांनीच लावली. पाहुण्याने हातपाय धुतले, हातात चहाचा कप आला, की तिथेच सगळं सांगून टाकायचं. पाणी पहाटे येतं, तेव्हा पिंप भरायला मोरी मोकळी लागेल. अंघोळीला पाळीवाले आधी, मग शाळेची पोरं, मग पाहुणे. देवपूजा करणारा म्हातारा असेल तर तो सगळ्यांच्या आधी. संडासला रांग असते; डालड्याचा डबा ठेवला की नंबर लागला, डबा ठेवून खोलीत आलात तरी चालेल, पण हाक आली की चहा टाकून पळायचं.

गावाकडून आलेली बाई हे कधी विचारत नाही. पहिल्या सकाळी ती पाणी कमी पिते, निम्मीच भाकरी खाते आणि दुपारी डोकं धरून बसते. घरच्यांना वाटतं प्रवासाचा शीण. सासूबाई पहिल्याच संध्याकाळी पाहुणीला घेऊन पॅसेजच्या टोकापर्यंत जात. कुठला दरवाजा धड लागतो, कडी वर उचलून कशी सरकवायची, दिव्याचं बटण कुठे, सगळं हात लावून दाखवत. आणि रात्री उठायचं झालं तर मला हलव, एकटी जाऊ नकोस, हे बजावत.

तुझ्या काकूंना तुला दुसऱ्या गोष्टी दाखवाव्या लागतील. गीझरचं बटण, शॉवरचा नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम येतं ते, फ्लशची दोन बटणं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तुमचा तो दरवाजा. ओढला की आपोआप बंद होतो आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेलेली बाई गाऊनवर पॅसेजमध्ये अडकते. खाली वॉचमन मोबाइलवर तुझी परवानगी मागतो आणि तोवर म्हाताऱ्या माणसांना उभं करून ठेवतो, याचा अपमान त्यांना फार लागतो. पहिल्या दिवशी तुम्हा दोघांपैकी एकाने स्टेशनवरच जायचं. अकोल्याची गाडी पहाटे दादरला उतरवते ना, मग झोपमोड झाली तरी चालेल.

काही बायका म्हणतात, 'तुमचंच घर आहे, हवं तसं राहा.' मला हे म्हणणारी यजमानीण आवडत नाही. तिच्या घरी पाहुण्याला पाणी पिण्याचं भांडं कुठलं हेसुद्धा विचारायची चोरी होते. तू रोखठोक सांग, हसून सांग, पण पहिल्या चहालाच. तिसऱ्या दिवशी तेच सांगितलंस की ती तक्रार होते.

आता झोपायचं. आधी वाट आखायची, मग अंथरूण. दारापासून मोरीपर्यंत एक पाऊल मावेल एवढी पट्टी रात्रभर मोकळी राहिली पाहिजे. रात्री उठणारी माणसं, म्हणजे म्हातारी, पोटुशी, तान्ह्या मुलाची आई, ही त्या पट्टीच्या कडेला. ज्याला एकदा पडल्यावर सकाळपर्यंत शुद्ध नसते तो भिंतीकडे. घोरणारा पॅसेजमध्ये, मग तो जावई का असेना. पोरांना कॉटखाली झोपायला आवडतं, तिथल्या ट्रंका कुलूप घालून दाराबाहेर भिंतीला लावायच्या. पोटमाळ्यावर हलकं, तरणं माणूस चढवायचं, पण मे महिन्यात कुणालाच नाही. खालच्या स्टोची सगळी धग वर जमते, आणि पाहुणा सकाळी उतरतो तो उकडून निघालेला. तुझ्याकडे पोटमाळा नाही, पण ती सोफ्याची पलंग होणारी बैठक आहे. ती उघडल्यावर बाथरूमचा दरवाजा अडतो का, हे आत्ताच उघडून बघ. रात्री दोन वाजता कळून उपयोग नाही.

दिवा एकदा मालवला की बोलायचं नाही, हाही नियमच होता. अंधारात बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, शेजारच्या खोलीतही. घरच्या कागाळ्या पाहुण्याच्या कानी जायच्या त्या बहुतेक दिवा मालवल्यानंतर.

पाहुण्यांची वळकटी वेगळी ठेव. गणपतीत हवा ओली असते, गोधड्यांना कुबट वास येतो, आणि घर कितीही झाडलंस तरी पाहुण्याच्या लक्षात तो वासच राहतो. श्रावणात एखादा दिवस उघडीप मिळाली की गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकून ये, नाहीतर खिडकीच्या ग्रिलवर. संध्याकाळी गार झाल्या की प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांध. गरम असताना बांधल्यास तर आत घाम धरतात.

एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पाहुण्यांमुळे नव्या नवरा-बायकोला महिना-महिना धड बोलता येत नसे. सासूबाई शहाण्या. शनिवारी रात्री सगळ्या पाहुण्यांना आणि दिराला लालबागच्या भारतमाताला मराठी पिक्चरला पाठवायच्या, तिकिटाचे पैसे स्वतः द्यायच्या आणि आपण सासऱ्यांना घेऊन वरच्या मजल्यावर भजनाला जायच्या. तुझे सासरे भारतमाता टॉकीजच्या कृपेने झाले असं मी म्हटलं तर तुझी सासू रागावेल, पण हिशेब लावून बघ म्हणावं. तुम्ही दोघांनी रोज भाजी आणायच्या निमित्ताने पाऊण तास एकत्र बाहेर पडायचं. त्या भाजीला बरोबर यायला कुणी निघालं तर पिशवी लहान आहे म्हणून सांग.

येणारा माणूस काहीतरी घेऊन येतोच. कोकणातून आगबोट यायची तेव्हा ती भाऊच्या धक्क्याला लागायची. पावसात समुद्र बंद, मग लोक एसटीने घाट चढून यायचे. धक्क्यावरून टॅक्सी परवडायची नाही, म्हणून फणस खांद्यावर, तांदळाची गोण डोक्यावर, आणि पिशवीत कुळीथ, आमसुलं, सुके बोंबील. हे सगळं १६० फुटांत ठेवायचं कुठे? मे महिन्यात तर आंब्यांची पेटी. आंबे कच्चेच असायचे, ते पेंढ्यात घालून कॉटखाली आढी लावायची. म्हणजे पोरांची झोपायची जागा गेली, रात्रभर घमघमाट, आणि उंदरांना आवताण. सासूबाईंनी त्यावर काढलेला तोडगा मला आजही पटतो. आलेल्या वस्तूतला अर्धा वाटा पहिल्याच दिवशी शेजारी जायचा, आणि तो पाहुण्याच्या हातून. आपण नाही वाटायचा. पाहुण्याला बरोबर घेऊन दारोदार जायचं, 'हा माझा मामेभाऊ, मालवणचा', आणि त्याने चार आंबे हातात ठेवायचे.

यात नुसतं सौजन्य नव्हतं. आपल्याकडे पाहुणा आला की गादी एका घरची यायची, पाट दुसऱ्या घरचे, जास्तीचा स्टो तिसरीचा, आणि पॅसेजमधली वाढलेली गर्दी सगळा मजला सोसायचा. ज्याचे आंबे खाल्ले त्याला संडासाच्या रांगेत कुणी हटकत नाही. रात्री उशिरा कोण जिना चढतंय याची चौकशी होत नाही. पाहुणा तापाने फणफणला तर डॉक्टरला बोलवायला शेजारचा पोरगा न सांगता धावतो. तुमच्या मजल्यावर समोरच्या दारावर नावाची पाटीसुद्धा नाही, मी बघितलं. काकूंच्या कुरड्या-पापडांतला एक डबा समोर जाऊ दे, आणि काकूंनाच घेऊन जा. पोरं पॅसेजमध्ये दंगा करतील तेव्हा तो डबा कामाला येईल.

स्वयंपाकाचं फार सांगत नाही, तुझा हात चांगला आहे. दहा माणसांच्या पोळ्या मात्र एकटीने लाटू नकोस, विकत आण. त्यात कमीपणा नाही. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी गावाहून एकट्या आलेल्या कामगारांच्या खाणावळी चालवून घरं चालवली. प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. दुसऱ्या बाईने कष्टाने लाटलेली पोळी आहे ती, लाजायचं कशाला? आणि सुकी मासळी भाजायची तर दुपारी भाज, समोरचं दार लावून. तुझे काका माळकरी आहेत.

परळच्या आसपास राहणाऱ्याला दवाखान्याचा पाहुणा चुकत नाही, तोही सांगून ठेवते. केईएम १९२६ सालचं, टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं, दोन्ही आपल्यापासून चालत जाण्यासारखी. गावात कुणाला गाठ आली, कुणाच्या हृदयाला भोक निघालं, की चिठ्ठी यायची, आता फोन येतो. या पाहुण्याचे नियम वेगळे. त्याला वाटेच्या कडेला, मोरीजवळ, खाली झोपवायचं, वर चढवायचं नाही. आजार काय आहे हे चारचौघांत विचारायचं नाही. शेजारणी विचारतात, त्यांना 'तपासणीला आलेत' एवढं उत्तर पुरे. जेवायचा आग्रह करायचा नाही. काय खाववतं ते सकाळी विचारायचं आणि तेवढंच ताजं करायचं. टाटाची औषधं चालू असतील तर पाणी उकळून दे आणि सर्दी झालेल्या पोरांना जवळ फिरकू देऊ नकोस.

पहिल्या दिवशी आपण बरोबर जायचं. केसपेपरची खिडकी कुठली, रांग किती लवकर लावावी लागते, कुठल्या मजल्यावर काय, हे एकदा पायी फिरून दाखवायचं. सगळे कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं त्यांना जाऊ द्यायचं, नाहीतर तुझी नोकरी जाईल आणि त्यांच्या मनात उपकाराचं ओझं वाढेल. रात्री वॉर्डात रोग्याजवळ बसणारा नातेवाईक सकाळी येऊन झोपेल, त्याची जागा रातपाळीवाल्यासारखी धरायची.

टाटाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात, हे सुरुवातीलाच लक्षात घे. आपल्याला किती दिवस ठेवून घेणं जमेल ते पहिल्याच आठवड्यात सांगायचं, आणि त्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याच्या सोयीची चौकशी करायची. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. तिथे नाव घालायला आपण बरोबर गेलो तर कुणाला टाकून दिल्यासारखं वाटत नाही. डबा रोज आपल्या घरून जाऊ दे. तोंडाने 'राहा हो' म्हणायचं आणि स्वयंपाकघरात सुस्कारे सोडायचे, हे मी बघितलंय. रोग्याला ते सुस्कारे बरोबर ऐकू येतात.

नोकरीसाठी येणाऱ्या पोरांचं थोडक्यात. आमच्या वेळी गावचा पोरगा 'दोन दिवसांसाठी' यायचा, सकाळी गिरणीच्या गेटवर बदलीसाठी उभा राहायचा आणि वर्ष-वर्ष राहायचा. सासूबाई पहिल्या पगारापासून खाणावळीचे पैसे घ्यायच्या, वहीत लिहून. आकडा पहिल्याच दिवशी ठरायचा. वहीत नाव असलेला एकही पोरगा आमच्याशी भांडून गेला नाही. आता पोलीस भरतीला येतात, मुलाखतीला येतात. वही ठेव.

गिरणी संपाचंही सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सगळं गिरणगाव उभं होतं आणि घराघरांतला पगार बंद. तेव्हा पाहुणे यायचे थांबले असं तुला वाटेल. येत होते. पण तांदूळ, डाळ, नाचणी घेऊन येत होते आणि दारातूनच सांगत, 'जेवून आलोय.' भर दुपारी बाराला! माझी नणंद कणकवलीकडून यायची, आली की पदर खोचून माझ्या चुलीपाशी बसायची आणि आपल्याच पिशवीतल्या तांदळाचा भात रांधून सगळ्यांना वाढायची. मी तिला रांधू दिलं. पाहुणीने रांधायचं नाही ही रीत मी त्या काळात गुंडाळून ठेवली, कारण ती रांधत होती म्हणून माझ्या डब्यात किती तांदूळ उरलेत हे तिलाही बघावं लागलं नाही आणि मलाही सांगावं लागलं नाही. हाताशी पैसा नसेल तेव्हा पाहुण्याला रांधू द्यायचं. आणि 'जेवून आलोय' म्हणणाऱ्याला परत न विचारता ताट वाढायचं.

तुझे लोक गणपती बघायला येतायत. आपले कोकणातले तेव्हा गावी जातात, चाळी निम्म्या रिकाम्या होतात, आणि सातारा-कोल्हापूरवाल्यांच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. लालबागचा राजा १९३४ सालचा, गणेश गल्लीचा मुंबईचा राजा १९२८ सालचा, चिंचपोकळीचा चिंतामणी त्याहून जुना, १९२०चा. तिन्ही एका फेरीत पायी होतात, पण शनिवार-रविवार आणि शेवटचे दोन दिवस सोडून. राजाला दोन रांगा असतात, नवसाची आणि मुखदर्शनाची. काकूंना नवसाच्या रांगेत उभं राहायचं असेल तर त्या दिवशी त्यांचं जेवण धरू नकोस, किती तास लागतील ते राजालाच माहीत. बाकीच्यांना पहाटे मुखदर्शनाला ने. पोरांच्या खिशात नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी घाल; आम्ही शर्टाला आतून सेफ्टीपिनने टोचायचो. जुन्या चपला घालून जायचं. आणि रात्री सगळे एकदम परत आले की बाथरूमपुढे पुन्हा चाळीची रांग लागेल, तेव्हा आधी पोरं, मग म्हातारी.

'किती दिवस राहणार?' हे कधी विचारायचं नाही. 'परतीचं तिकीट कधीचं काढू? गाड्या भरतात' असं विचारायचं. प्रश्न तोच, पण हा प्रेमाचा वाटतो आणि खोटाही नाही. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा येण्याचं आणि जाण्याचं एकदमच काढून द्यायचं. जाताना त्यांचा डबा रिकामा द्यायचा नाही. दादरच्या बाजारातून काही घे, निदान खारी-बटर तरी. काकूंची ओटी भर.

दिवाळीनंतर आपली कोकणातली माणसं येतील. त्यांचं परतीचं तिकीट काढताना सांभाळ. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे शनिवारी रात्री घरातून निघायचं तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. चुकीच्या रात्री फलाटावर आलेली वऱ्हाडंच्या वऱ्हाडं परत खोलीवर यायची, आणि गुंडाळलेल्या वळकट्या पुन्हा सोडाव्या लागायच्या. तिकीट काढलंस की तारीख आणि वार दोन्ही मोठ्याने वाचून दाखव. दादरला आता फलाटांचे नंबर सलग केलेत, मध्य रेल्वेचे आठपासून सुरू होतात, तेही सांगून ठेव. साडेदहाला घराबाहेर काढ. आणि निघताना भिंतीतले चार्जर बघ, निदान एक तरी राहतोच.